बांधावरून रानात

रेवदंडा-चौल पट्ट्यात राहून धावायचं म्हटलं की दोनच जागा सुचतात, डांबरी रस्ता नाहीतर समुद्राची पुळण. रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या सुसाट येतात. पुळण पाण्याकडे कललेली असते, रोज तिथेच धावलं की एकाच गुडघ्यावर भार येत राहतो. मला तिसरी जागा हवी होती. कुंडलिकेच्या खाडीकाठी कांदळवनं आहेत, खाडी ओलांडून मुरूडकडे निघालं की फणसाड अभयारण्याचे डोंगर लागतात. तिथे धावता येतं का, परवानगी कोण देतं, पाय कसे तयार करायचे, हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या माणसांकडून कळत गेलं. ते सलग लिहून ठेवते आहे.

थेट रानात शिरायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. डांबराची सवय झालेल्या पावलाला प्रत्येक वेळी सारखंच पडायची सवय लागते. घोट्याच्या आजूबाजूचे लहान स्नायू जवळपास झोपलेले असतात. त्यांना जागं करायला मी खारबंदिस्तीचे बांध निवडले. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले हे मातीचे बांध कुठे रुंद, कुठे जेमतेम पाऊल मावेल एवढे, कुठे गवताळ, कुठे खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेले. तिथे प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. सुरुवातीला मी फक्त भरभर चालायचे, मग थोडं धावणं, पुन्हा चालणं. काही आठवड्यांत घोटे दुखायचे थांबले आणि नजर आपोआप पायाखालून निघून तीन-चार मीटर पुढे पडायला लागली. रानवाटेवर धावण्याचं निम्मं काम हेच असतं. पाऊल कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं.

पण बांध हा रस्ता नव्हे, तो कुणाच्या तरी शेताची राखण करत असतो. ओल्या बांधावरून धावलं की कडेची माती सुटते, आणि बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येऊन ते शेत पुढे बराच काळ पीक देत नाही. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला आणि स्वतःची उपासमार सोसून जमिनी पडीक ठेवल्या. इथल्या माणसाला जमिनीचं मोल कुणी शिकवायला नको. म्हणून मी आधी बांधाच्या मालकांना विचारलं. त्यातल्या एका आजोबांनी होकार दिला आणि वर विचारलं, "बाय, तुला पाणी वाचता येतं का?"

मला येत नव्हतं. त्यांनी शिकवलेला हिशोब आपल्याकडच्या सगळ्या कोळीवाड्यांत ठाऊक आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती आणि मग साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास, ओहोटीचा तळ. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण घरातून निघायचं की नाही हे ठरवायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या कडेला लागतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ते निम्म्यावरच थांबतं.

हा हिशोब मी आधी स्वतःच्या सोयीसाठी वापरला. त्याचं दुसरं कारण हिवाळ्यात लक्षात आलं. थंडीत आपल्या खाड्यांवर तुतवार, चिखल्या, कोरल असे पाहुणे पक्षी उतरतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात ते चरतात, आणि भरती आली की चिखल बुडाल्यामुळे विसाव्याला उंच जागा शोधतात. ती उंच जागा म्हणजे नेमका बांध. भरतीच्या वेळी बांधावरून धावलं की अख्खा थवा उठतो, घिरट्या घालतो, पुन्हा बसतो, पुढच्या फेरीत पुन्हा उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला अशी प्रत्येक भरारी महाग पडते. तेव्हापासून मी सकाळसाठी चतुर्थी ते षष्ठी या तिथी धरते, शुद्ध असो वा वद्य. उजाडेपर्यंत पाणी बरंच उतरलेलं असतं, पक्षी बांध सोडून खाली चिखलात गेलेले असतात, आणि मी चिखलाच्या बाजूला न जाता शेताच्या कडेने धावते. कांदळवनात तर शिरतच नाही. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. तिची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर पाय पडला तर आपणही पडतो आणि झाडालाही इजा होते.

फणसाडची गोष्ट निराळी. ते १९८६ पासून अभयारण्य आहे, त्याआधी जंजिरा संस्थानाच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार अभयारण्यात मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही, अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवानगी घेऊन जावं लागतं. मी वनखात्याच्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन गेले आणि सरळ सांगितलं, मला धावायचं आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी बरेच प्रश्न विचारले. एकट्या येणार का? किती वाजता? कानात काही लावून धावता का? ते प्रश्न मला आवडले. शेवटी ठरलं ते असं: प्रवेश शुल्क भरायचं, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यायचा, उजाडल्यावर आत जायचं, ठरलेली वाट सोडायची नाही आणि वाटाड्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं.

वाटाड्या मिळाला तो सुपेगावच्या बाजूचा, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. भरतीत सोळाशे मीटर धावावं लागतं, म्हणून तो रोज पळायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझे नवे, खोल खाचांचे बूट बघितले आणि म्हणाला, "ताई, हे मातीत चालतील. ओल्या जांभ्यावर बुटांच्या भरवशावर राहू नका." अगदी खरं होतं ते. शेवाळ धरलेल्या जांभ्या दगडावर कुठलाही तळवा पकड घेत नाही, तिथे पाऊल लहान आणि सपाट टाकायचं एवढंच हातात असतं. पावसाळ्यात तर मी या वाटांवर धावणं सोडूनच दिलं आहे.

उतार कसा उतरायचा हेही त्यानेच शिकवलं. मी भीतीने मागे रेलायचे, टाच आधी टेकायची आणि घसरायची. "पुढं झुका थोडं, हात पसरा, पावलं बारीक बारीक टाका." पुढे झुकायची भीती वाटते, पण वजन पावलावर आलं की घसरणं थांबतं. चढाला मात्र तो सरळ चालायला लावायचा, हात मांड्यांवर रोवून. डोंगरवाटांवर मोठमोठ्या शर्यती धावणारेही तीव्र चढ चालतच चढतात, त्यात कमीपणा नाही.

फेब्रुवारीतलं फणसाड मला सगळ्यात आवडतं. अंजनीच्या फांद्यांना निळीजांभळी फुलं लगडायला लागतात, ऐन-किंजळांच्या बुंध्यांमधून गारंबीचे जाडजूड वेल झुलतात, त्यांच्या शेंगा हातभराहून लांब. वरून शेकरूचा खडखडाट ऐकू येतो आणि मग एका झाडावरून दुसऱ्यावर तांबूस झेप दिसते. पण याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यावर उडतात, म्हणून लांब बाह्या आणि पूर्ण पायजमा हवाच. पाचोळ्याचा थर साचलेला असतो. त्याखाली मूळ आहे, दगड आहे की घोणस आहे, हे धावत्या डोळ्याला कळत नाही. जिथे माती दिसत नाही तिथे धावायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते. त्यामुळे निम्मी वाट चालण्यात जाते, आणि जाऊ दे.

एकदा त्याने हात वर केला तेव्हा कुत्र्यासारखं भुंकणं कानावर आलं. भेकर होतं. ते असं पुन्हा पुन्हा भुंकतं ते बहुधा बिबट्याची चाहूल लागल्यावर. आम्ही बराच वेळ उभे राहिलो, मग आलो तसे माघारी फिरलो, आणि त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं. पळणारी आकृती बिबट्याला काय वाटेल याचा विचार घरी बसून करणं वेगळं, तिथे उभं राहून वेगळं.

फणसाडमधल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे. उन्हाळा चढला की जनावरं सकाळ-संध्याकाळ तिथेच येतात. आमची वाट एका गाणीजवळून जायची. मार्चनंतर मी तिकडे जाणं बंद केलं. मला धावायला दुसरी वाट आहे, त्यांना प्यायला दुसरं पाणी नाही.

दमटपणाबद्दल सांगायलाच हवं, कारण बाहेरून आलेले धावणारे इथे त्यानेच हैराण होतात. हवेत इतकी वाफ असते की घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि सुकला नाही तर अंग थंडही होत नाही. शरीराला याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर वेग विसरायचा. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं, डोकं हलकं होतं. माझं ठरलेलं आहे: निघण्याआधी मिठाची मऊ पेज आणि पाठीवरच्या पिशवीत कोकमाच्या आगळाचं गूळ-मीठ घातलेलं पाणी.

आता गावातल्या काही जणी बरोबर येतो म्हणतात. त्यांना मी आधी बांधावरच नेते, मालकांची गाठ घालून देते आणि तिथीचा हिशोब त्यांच्याकडूनच करवून घेते. रानाची परवानगी काढायची ती येत्या मार्गशीर्षात, वाटाड्याला सवड असेल त्या दिवशी. तो भरती झाला तर त्याचा धाकटा भाऊ येणार आहे.