रानातली आमरी (ऑर्किड) कुंडीत का जगत नाही?

पावसाळा लागला की हा प्रश्न येतोच: 'नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर पांढरी आमरी दिसली. एखादी मुळासकट आणून कुंडीत लावली तर जगेल का?' नाही जगणार. का ते तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

जून-जुलैत तिथे दिसते ती बहुधा एकपानी हबेनारिया, जमिनीत वाढणारी आमरी. जमिनीला चिकटलेलं बदामी आकाराचं पान, मधून निघालेला दांडा, त्यावर मोजकी पांढरी फुलं. फुलामागे बारीक नळी लोंबते. न तोडता, वाकून उजेडाच्या दिशेने पाहिलं तर आतला मध दिसतो.

खरा कारभार मातीखाली चालतो. जुन्या कंदाच्या जोरावर यंदाचं पान-फूल आलेलं असतं, त्यामुळे तो सुरकुतत चाललेला. शेजारी पुढच्या वर्षीचा नवा कंद. पान हिरवं असेतो तो भरत राहतो. ऐन फुलात उपटली की जुना रिकामा आणि नवा कोवळा, म्हणजे शिदोरीच तुटली. कुंडीत फूल काही दिवस टिकतं, मग पान पिवळं पडतं. माणूस घाबरून पाणी वाढवतो आणि उरलासुरला कंद कुजतो. पठारावर माती जेमतेम चार बोटं, खाली कातळ. पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात सगळं कोरडं ठणठणीत होतं. शेणखत घातलेल्या कुंडीत यातलं काहीच नाही.

बी लावायचं म्हणाल, तर ते धुळीइतकं बारीक आणि आत साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. मातीतल्या ठरावीक बुरशीने पोसलं तरच रुजतं. म्हणून एक झाड उपटणं हे फार मोठं नुकसान आहे.

श्रावणात टूथब्रश आमरी फुलते, फुलं दांड्याच्या एकाच बाजूला. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाल तेव्हा पायवाट सोडू नका. फोटोसाठी आडवं पडण्याआधी शेजारची पानं बघा. फूल नसलेली झाडंच जास्त तुडवली जातात.

झाडावरच्या आमरीचं थोडं वेगळं. वादळात फांदीसकट खाली पडली असेल तर घरी नेऊ नका, तिथल्याच खरबरीत सालीच्या झाडाला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला, सुती दोऱ्याने बांधा. मुळांवर माती थापू नका. त्यांचं पांढरं स्पंजासारखं आवरण पावसाचं, दवाचं पाणी शोषून घेतं, झाकलं की सडतं. मुळांना हिरवी टोकं फुटून ती सालीला धरली की दोरा कुजून गेला तरी चालतो.