वर्ताळा

पाव किलो मिरची जोखताना आमच्या भाजीवाल्या मावशी काटा मधोमध येईपर्यंत एकेक मिरची काढतात, घालतात. अगदी सोनं जोखावं तसं. आणि एकदा काटा स्थिर झाला, की ढिगातल्या चार मिरच्या उचलून पुन्हा पारड्यात टाकतात. पारडं दणकन खाली. मग इतका वेळ जमवलं कशाला, असं मला दर वेळी वाटायचं. शेवटी विचारलंच.

“माप ते माप,” मावशी म्हणाल्या, “आन् ह्यो वर्ताळा.”

मावशी सांगलवाडीच्या. रोज सकाळी आयर्विन पूल ओलांडून सांगलीत येतात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या पोरानं आता डिजिटल काटा आणलाय. तिथं २५० म्हणजे २५०. आकडा २५४ झाला तर एक मिरची परत ढिगात जाते. त्याची काही चूक नाही. पण मी मावशींकडेच जाते, आणि ते चार मिरच्यांच्या लोभानं नाही, असं निदान स्वतःला सांगते.

माझे अप्पा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. तोलाई, हमाली, अडत, सगळं पैशापर्यंत जुळल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. घरचीही किर्द असायची. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, पानाच्या माथ्यावर ‘श्री’. वाण्याकडे पाठवलं की माझ्या तळहातावर गुळाचा खडा पडायचा. तो किर्दीत का लिहीत नाही, असं मी त्यांना विचारल्याचं आई सांगायची. अप्पा म्हणाले होते, “वर्ताळ्याला खातं नसतं.”

मला अप्पांची जुळवाजुळवीची सवय लागली, पण ‘श्री’ची लागली नाही. गणपतीच्या देवळात उभी राहिले की मागण्यांची यादी पाठ असते. मुलाची नोकरी, गुडघा, वरच्या मजल्याची गळती. आभाराच्या वाट्याला शेवटचा घाईचा नमस्कार. मिळालेलं सगळं मापातलंच आहे, राबलो म्हणून मिळालं, असा आतून एक हिशेब असतो. मापात थोडं कमी पडलं की मात्र तक्रार थेट गाभाऱ्यात.

परवा पाणीपट्टी भरून आले. पावती खिळ्याला अडकवताना सहज वाटलं, हे पैसे नक्की कशाचे? नदीतून उपसल्याचे, गाळल्याचे, नळापर्यंत आणल्याचे. महाबळेश्वरच्या डोंगरावर जो पाऊस कोसळतो, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना जे पाणी कृष्णेत आणून ओतते, त्याची एक ओळसुद्धा त्या पावतीवर नाही. सगळ्या पावतीत पाऊस कुठंच धरलेला नाही! मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

मग हट्टानं वही काढली. म्हटलं, एका दिवसात फुकट काय काय येतं ते लिहून तर बघू. सकाळी उठले, श्वास चालू होता. (हे लिहिताना हसू आलं, पण लिहिलं.) अंगणातला कढीपत्ता मी लावलेला नाही, कुठल्या पाखरानं बी टाकलं कोण जाणे. शेजारच्या वहिनींनी वाटीभर ताक पाठवलं. रात्रभर उकाड्यानं जीव घेतला होता, पण पहाटे नदीकडून गार झुळूक आली आणि दोन तास झोप लागली. चहा व्हायच्या आत पान भरलं आणि चहा उतू गेला. वही मिटली. दुधाची नासाडी कुठल्या खात्यात लिहायची?

उतू जाण्यावरून आठवलं. नदीनं ओतलेलं सगळंच वर्ताळा म्हणायला माझी जीभ धजत नाही. आयर्विनजवळ ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही गच्चीवर बसून खालच्या खोलीतलं कपाट तरंगताना ऐकलं. हो, ऐकलं, अंधारात ते भिंतीला धडकायचं. त्या रात्री मी देवाशी बोललेच नाही. त्याचेही आभार मानावेत असं कुणी सांगितलं, तर मी अजूनही उठून जाईन.

मावशींचं तर घरच पाण्यात होतं. एकदा वांगी निवडताना त्या सहज म्हणाल्या, “मळीची हायत. बोट लावून बघा की, कशी लोण्यावानी. गाळ बी माईनंच आणला न्हवं का.” नदीकाठच्या गाळाच्या रानाला आमच्याकडे मळी म्हणतात, आणि त्या रानातल्या वांग्यांची चव दुसरीकडं नाही. मावशी हे म्हणू शकतात. माझ्या तोंडी ते शोभणार नाही, म्हणून मी नुसतीच वांगी निवडत राहिले.

अर्धा किलो जोखलं. काटा सरळ झाला. मावशींनी आणखी एक वांगं वर टाकलं, देठाला अजून माती लागलेलं. मी आजवर कधी म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं, “मावशी, खरंच, लई झालं.”

“असू द्या की वो ताई,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

घरी येऊन चिरलं, तर नेमकं तेच एका बाजूनं किडकं. तेवढं काढून टाकलं. बाकीचं कालवणात गेलं.