दहा बाय दहाची खोली आणि एक तारामासा

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या धक्क्यावरून ग्रीन आयलंड हे बेट बोटीने पाऊण तासावर आहे. गेल्या वर्षी तिथे पाण्यात उतरलो, तेव्हा रंगीत माशांआधी माझी नजर गेली ती तपकिरी पोवळ्यावरच्या एका पांढऱ्याफटक चट्ट्याकडे. चट्टा जेवणाच्या ताटाएवढा होता आणि त्याची कड खडूने आखल्यासारखी रेखीव होती. पाणी तापले की पोवळी पांढरी पडतात हे वाचलेले असल्यामुळे मी तेच समजलो. पण सोबतच्या मार्गदर्शिकेने शेजारच्या कपारीकडे बोट दाखवले. आत वितीहून मोठा, करड्या-जांभळ्या रंगाचा, अंगभर काट्यांचा एक तारामासा दडून बसला होता. ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ म्हणतात तो हाच.

नेहमीच्या तारामाशाला पाच भुजा असतात, याला एकवीसपर्यंत असू शकतात, आणि काटे विषारी असतात. त्याची जेवण्याची रीत मात्र काट्यांहूनही विलक्षण आहे. तो पोवळ्यावर चढतो, आपले जठर तोंडातून बाहेर काढून त्यावर पसरतो, पाचक रसांनी जिवंत पेशी तिथेच विरघळवतो आणि काही तासांनी जठर आत ओढून पुढे सरकतो. मागे उरलेल्या चुन्याच्या कोऱ्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत शेवाळ धरते. पूर्ण वाढलेला एक तारामासा वर्षाला सुमारे १० चौरस मीटर पोवळी फस्त करू शकतो, म्हणजे आपली दहा बाय दहाची एक खोली. पोवळ्याच्या फांद्यांत बिऱ्हाड करून राहणारे चिमुकले खेकडे त्याचे काटे मोडतात, पायांना चिमटे काढतात आणि पुष्कळदा त्याला माघार घ्यायला लावतात.

हा प्राणी कोठून बाहेरून आलेला नाही. संख्येने मोजका असतो तेव्हा तो भराभर वाढणारी फांद्यांची पोवळी खाऊन संथ वाढणाऱ्यांना जागाही करून देतो. प्रश्न उद्रेकाचा, म्हणजे त्याची संख्या अचानक बेसुमार वाढण्याचा आहे. ग्रेट बॅरियर रीफ या तिथल्या प्रचंड प्रवाळभित्तीवरचा पहिला नोंदलेला उद्रेक १९६२ मध्ये याच ग्रीन आयलंडवर झाला. पुढे १९७९, १९९३ आणि २०१० च्या सुमारास नव्या लाटा उसळल्या आणि प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे सरकत गेल्या. १९८५ ते २०१२ या काळात तिथले जिवंत पोवळ्यांचे आच्छादन २८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आत आले, आणि या हानीतला ४२ टक्के वाटा तारामाशांचा असल्याचे संशोधकांनी काढले.

उद्रेक का होतात, यावर वाद आहे. एक मादी कोट्यवधी अंडी घालते, आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्या वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. क्वीन्सलँड या तिथल्या राज्याच्या किनाऱ्यावर ऊस आहे. पावसाळ्यात त्याचे खत नद्यांतून समुद्रात गेले की हे प्लवक माजतात आणि जास्त अळ्या जगतात, असे एक मत आहे. (ऊस आणि खत यांचे नाते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.) परंतु किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या स्वेन रीफ्स या प्रवाळभित्तींवरही उद्रेक होतात, त्यामुळे सगळा दोष उसाच्या माथी मारणे मला पटत नाही. मासेमारीला बंदी असलेल्या भागांत उद्रेक कमी आढळतात, ही बाब मला अधिक बोलकी वाटते: तारामाशांना खाणारे मासे तिथे टिकून असावेत. तारामाशांना खाणारा ट्रायटन शंखही दुर्मिळ आहे. त्याच्या देखण्या कवचासाठी माणसांनी तो वर्षानुवर्षे उचलून नेला.

उपाय मात्र हातानेच करावा लागतो. पूर्वी पाणबुडे प्रत्येक तारामाशाला रसायनाची दहा-वीस इंजेक्शने टोचत असत, कारण कापून टाकला तर तुकडा जगण्याची भीती होती. आता गुरांच्या पित्तापासून केलेल्या क्षारांचे एकच इंजेक्शन पुरते. साध्या व्हिनेगरनेही काम होते. एकेक कपार वाकून तपासायची, टोचायचे आणि पुढे जायचे. ऐकताना हे समुद्र चमच्याने उपसण्यासारखे वाटते, तरी निवडक भित्तींवर पुन्हा पुन्हा जाऊन केले तर पोवळी टिकतात.

पाणबुड्यांच्या नजरेतून निसटतात ती पिल्ले. नखाएवढी असताना ती पोवळी खात नाहीत. मेलेल्या पोवळ्यांच्या चुऱ्यात लपून लालसर शेवाळावर वाढतात. सिडनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पोवळी मिळाली नाहीत तर ती अशा शेवाळावर सहा वर्षांहून अधिक काळ लहानच राहून तग धरू शकतात. तापलेल्या पाण्याने एखादी भित्ती मरते, तेव्हा तिथे चुऱ्याचे ढीग साचतात. आणि काही वर्षांनी त्यावर कोवळी पोवळी फुटू लागतात, तेव्हा त्यांना खाणारे खालीच वाट पाहत बसलेले असू शकतात.