एका रुग्णाच्या तीन ओळी

दुपारी डॉक्टरांना दोन औषधांच्या तुलनेचा निकाल दाखवायचा होता आणि सकाळी समोर आलेला आकडा इतका देखणा होता की मला धडकीच भरली. दुसरं औषध घेणाऱ्यांचा हॅझर्ड रेशो, म्हणजे मृत्यूचा धोका इतरांच्या किती पट आहे तो आकडा, एकच्या कितीतरी खाली! औषध एवढं गुणकारी असतं, तर वॉर्डात ते कधीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मी एकेक रुग्ण वाचायला घेतला. एकाला 60 दिवस कुठलंच औषध नव्हतं, 210व्या दिवसापर्यंत पहिलं, मग दुसरं. 300व्या दिवशी मृत्यू. माझ्या फाइलमध्ये त्याची एकच ओळ होती: 300 दिवस, गट 'दुसरं औषध'. म्हणजे दुसऱ्या औषधाविना तो जे 210 दिवस जगला, त्यांचंही श्रेय मी त्याच औषधाच्या पदरात टाकलं होतं. जे लवकर गेले, त्यांना त्या गटात पोचायला सवडच मिळाली नव्हती. स्टॅनफर्डच्या हृदयप्रत्यारोपणाच्या अभ्यासावर 1970च्या दशकात हाच आक्षेप घेतला गेला होता. मी तो शिकलेही होते.

ओळ तोडली: 0 ते 60, 60 ते 210, 210 ते 300, मृत्यूची नोंद फक्त शेवटच्या तुकड्यात. हा धोका काढणारं कॉक्स मॉडेल प्रत्येक मृत्यूच्या क्षणी एवढंच विचारतं, की आत्ता जिवंत असलेल्यांपैकी कोण आज कोणत्या गटात आहे. पुढे कोण कुठे जाणार, हे त्याला कळताच कामा नये. शिवाय गटांचे 0, 1, 2, 3 हे कोड सॉफ्टवेअरने नुसती नावं न मानता मोजमाप म्हणून धरले होते, तेही दुरुस्त केलं.

दुसऱ्या औषधाची जादू ओसरली. पण आता 'औषध बंद' या गटाचा धोका आभाळाला भिडला. त्या ओळी उघडल्या, तर बहुतेक दोन-चार दिवसांच्या आणि मृत्यूवर संपणाऱ्या. हे तुकडे पाडून सुटणारं नव्हतं.

दुपारी मी तो आकडा डॉक्टरांपुढे ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "यातल्या बऱ्याच जणांचं औषध मीच थांबवलंय. आता झेपणार नाही, असं दिसलं म्हणून."

"कशावरून दिसलं, सर?"

ते सांगत गेले: वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी), श्वास. मी प्रत्येकासाठी वेगळा रकाना आखला आणि शेजारी तारखेचा.