त्स्वीफाखर: वॉल्ट्झ-ड्रेहरचा सांधा १६८ वर पक्का

त्स्वीफाखर हा वॉल्ट्झ (तीन मात्रांचे बार) आणि ड्रेहर (दोन मात्रांचे बार) आलटूनपालटून येणारा बव्हेरियन लोकनाच. ट्रम्पेटवर त्याची डब्ल्यू-डब्ल्यू-डी-डी ही मांडणी आता मिनिटाला १६८ ठोक्यांच्या लयीतही सुटत नाही. दोन बार वॉल्ट्झ, दोन बार ड्रेहर, क्वार्टर (एक मात्रा) सगळीकडे तोच, म्हणजे आवर्तन १० मात्रांचं. झपतालाच्या मात्राही १०च, पण तिथे खंड २-३-२-३ आणि इथे ३-३-२-२. झपताल अंगात मुरलेल्यांनी जपावं, मन आपसूक तिकडे ओढ घेतं.

मागच्या नोंदीतला प्रश्न सातव्या मात्रेचा होता: ड्रेहरमध्ये शिरताना पहिला सूर उशिरा पडतो. टंगिंगवर (जिभेने सूर सुरू करण्यावर) कितीही घाम गाळला तरी हे सुधारत नाही, कारण दोष श्वासाच्या जागेत आहे. सहाव्या मात्रेवर ओळ संपल्यासारखी वाटते, श्वास तिथे घेतला जातो आणि त्याचा वेळ सातवीतून कापला जातो. नाचणाऱ्यांचं पाऊल नेमकं तिथेच बदलतं, म्हणून तीच मात्रा सर्वांत स्वच्छ हवी.

श्वास दहाव्या मात्रेवर न्यायचा. तो क्वार्टर एट्थइतका, म्हणजे अर्ध्या मात्रेचा, आखडायचा आणि उरलेल्या अर्ध्या मात्रेत ओठांच्या कोपऱ्यांतून हवा घ्यायची; माउथपीस जागचं हलता कामा नये. १६८ ला ही फट जेमतेम ०.१८ सेकंदांची, त्यामुळे घोटभरच हवा मिळते. आवर्तन उठावाच्या (समेआधीच्या) सुराने सुरू होत असेल, तर दहावी मात्रा त्याची. मग श्वास नवव्या मात्रेच्या शेवटी.

खरा फरक पडला तो ट्यूबाची ओळ ट्रम्पेटवर वाजवल्याने. चाल बाजूला ठेवून फक्त बारांच्या पहिल्या मात्रा, आळीपाळीने लिखित सी आणि जी. ११२ पासून सुरुवात, दर वेळी ४ ने वाढ. मेट्रोनोमचे सगळे ठोके सारखे ठेवा. समेवर जोर देणारी ॲप या कामाला नकोतच. मोजणी ती करतात आणि कान आळशी होतो. हालरटाउ आणि ओबरफाल्त्सकडच्या कित्येक चालींत खंड इतके सरळ नसतात, तिथे नोटेशनवर पेन्सिलीने डब्ल्यू-डी लिहून घेणं हाच मार्ग.

साथीची श्टायरिशे हार्मोनिका (बटणांचं अकॉर्डियन) जी-सी-एफ-बी ची असेल (जर्मन बी म्हणजे बी-फ्लॅट), तर बी-फ्लॅट ट्रम्पेटला लिखित ए, डी, जी, सी वाजवावं लागतं. ए मेजरमध्ये जी-शार्प ते ए ही उडी सारखी येते. व्हॉल्व्ह २-३ वरून १-२ वर जाताना बोटं एकमेकांना ओलांडतात. जलद जागी ए नुसत्या ३ ने घ्या, मग फक्त दुसरं बोट उचलायचं. तो किंचित उतरा लागतो, म्हणून लांब सुराला १-२ च बरा. बी-एस-आस-डेसची (बी, ई, ए, डी फ्लॅटची) हार्मोनिका मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही. ब्रासबरोबर तीच घ्यावी.

ट्रम्पेटच्या रोटरी (फिरणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जुन्या बंपर-कॉर्कची, म्हणजे रोटर जागी थांबवणाऱ्या गाद्यांची, दबून पुरी वाट लागली होती, त्यामुळे रोटर थोडा पुढे जाऊन थांबत होता. झाकण काढून दोन्ही स्थितींत खुणा जुळवल्या, सिंथेटिक बंपर बसवले, आणि दुसऱ्या व्हॉल्व्हचे कोंदट सूर एकदम मोकळे झाले! कॉर्कपेक्षा सिंथेटिकच टिकतं.

पुढे बोआरिशर हा दुसरा बव्हेरियन नाच घ्यायचा बेत होता. पण ट्यूबाच्या ओळीचा इतका उपयोग होतो, तर दुसरा आवाज आधी पक्का करणं जास्त शहाणपणाचं: तिसऱ्या-सहाव्या स्वरांतराने खालून चालणारा, श्वास पहिल्या आवाजाच्याच जागी. दोन्ही ओळी रेकॉर्ड करून आलटूनपालटून एकेक बंद करायची. फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटचा मऊ आवाजाचा भाऊ) त्यानंतर.