‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

तीन मुलाखती दिल्या, तिसरीत नोकरी लागली, तरी डोक्यात अजून दुसरीच बसली आहे.

मी अकाउंट्सचा माणूस. नऊ वर्षं भोसरीत एकाच कारखान्यात काढली, मग चाकणला जरा मोठी जागा शोधायला लागलो. टॅली, जीएसटी वगैरे प्रश्न कुठेच अडले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी दीड तास सोफ्यावर बसवून ठेवलं, तेही एक वेळ सोडा. मग एचआरच्या बाईंनी विचारलं, “टीममध्ये काम केल्याचा एखादा प्रसंग सांगा.”

सुरू झालो. स्टोअरमधून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, उशिरा यायचा, खरेदीची बिलं लटकायची. मग आम्ही बसलो, आम्ही पद्धत बदलली, आम्ही...

“एक मिनिट. आम्ही म्हणजे कोण?”

“आमची टीम.”

“त्यात तुम्ही काय केलंत?”

आता मी-मी करू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हटलं, “मॅडम, सगळ्यांनी मिळूनच केलं.”

“म्हणजे तुम्ही नसता तरी झालं असतं?”

मी हसलो. तिथेच गेलं सगळं. पुढे कोणाशी वाद झाला का विचारलं, तर “कधीच नाही” म्हणून मोकळा. “नऊ वर्षांत एकदाही नाही?” म्हणत बाईंनी पेनाला टोपण लावलं. फोन आलाच नाही. दोन दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडली.

राग उतरल्यावर आठवायला बसलो. वाद झाला होता की! स्टोअरवाल्यावर फोनवर आवाज मीच चढवला होता. नंतर लाज वाटली म्हणून चार दिवस चारच्या चहाला त्याच्याकडे जाऊन बसलो, तेव्हा कळलं की मालासोबत आलेली चलनं गेटवर वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये संध्याकाळपर्यंत पडून असतात. त्या बिचाऱ्या स्टोअरवाल्याच्या हातात कागदच नसायचा. गाडी आत आली की चलनाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, ही कल्पना त्याची. साहेबांकडून ती मंजूर करून घेतली मी.

तिसऱ्या मुलाखतीत हेच, एवढंच सांगितलं. आवाज चढवल्याचंही.

कामाच्या ताणाचं राहिलंच. “मला ताण येत नाही” म्हणू नका, पहिल्या ठिकाणी मी तेच म्हणालो होतो. या वेळी तारखा सांगितल्या: 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला 3बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). 10 तारखेला साहेबांनी आणखी एक अर्जंट काम दिलं तर? म्हटलं, कोणतं मागे ठेवू ते त्यांनाच विचारीन, पण जीएसटीआर-1 चुकला तर ग्राहकाला त्या महिन्याच्या 2बी मध्ये, म्हणजे कोणत्या बिलांवर कराची वजावट मिळेल त्या यादीत, आपलं बिल दिसणार नाही आणि तो आपलं पेमेंट अडवेल, हेही त्यांच्या कानावर घालीन.

आणि हो, “उशिरापर्यंत थांबाल ना?” याला नुसतं “हो सर” म्हणू नका. महिन्यातून साधारण किती दिवस, ते विचारा. मी विचारलं. ते सहा म्हणाले. गेल्या महिन्यात नऊ झाले, पण निदान सहाच्या वरचे तीन दिवस मोजून दाखवता तरी आले.