तांडेलाला ‘नको’ का म्हणाले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर लग्नात, दर बारशाला, हातात ताट घेऊन विचारता: “अगं, तो कोळी ओढून न्यायला तयार होता ना? मग नको का म्हणालीस?” मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जेवायला म्हणून शिडाच्या बोटीतून निघालेलो आम्ही पाच जण कुठे जाऊन पोचलो, ते तुम्हाला पाठ आहे. व्हिडिओतला जहाजाचा भोंगाही ऐकलाय तुम्ही. ते सोडून देते.

आधी माझी बाजू. ट्रॉलरने छोटी शिडाची बोट ओढणं म्हणजे बैलगाडीमागे सायकल बांधणं नव्हे. त्याने जरा वेग घेतला की दोर ज्या खुंटीला बांधलाय ती डेकमधून उपटून येते. आमच्या बोटीवरचा एकुलता एक लांब दोर नांगराचा होता. तो देऊन टाकला असता तर नांगर कशाने टाकायचा?

उत्तर पटण्यासारखं आहे. फक्त ते मला सुचलं त्या रात्री, अंथरुणात.

दुपारचा एक वाजला होता. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरचा, वारा साडेअकराला पडला, आणि समुद्रावरचा खारा वारा येईल म्हणून मी दीड तास सगळ्यांना थोपवून धरलं होतं. इंजिन चालू होत नव्हतं. ते क्लबचं, पण निघण्यापूर्वी ते चालू करून बघणं माझं काम होतं. बघितलं नव्हतं. माघी पौर्णिमेचा दुसरा दिवस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आजी सांगायची. प्रतिपदा म्हणजे पाऊण वाजता. तेव्हा भरती संपून उधाणाची ओहोटी नुकती लागली होती. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात घेणं यात बरंच पाणी असतं.

तेवढ्यात त्या कोळ्याची मासेमारीची बोट आली. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या त्या कोळ्याने, इंजिन मंद केलं, आमच्या लोंबणाऱ्या शिडाकडे पाहिलं आणि विचारलं, “दोर टाकू का?” सुकाणू माझ्या हातात होतं. त्याने विचारलं पुढे बसलेल्या मित्राला.

मित्राने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “नको काका, वारा येईलच आता.”

“पाणी ओढेल,” तो म्हणाला. आणि गेला.

पाणी ओढायला लागलंच. अडीचच्या सुमाराला बंदराच्या तोंडावरचा सन्क रॉकचा दीपस्तंभ नको तितका जवळ दिसत होता आणि आम्ही जहाजांच्या मार्गात होतो. दोन वल्ही, चार हात. मागून कंटेनर भरलेलं जहाज आलं आणि पाच आखूड भोंगे दिले. म्हणजे तुम्ही काय करताय ते आम्हाला कळत नाही. मलाही कळत नव्हतं. तसल्या जहाजाला चटकन थांबता येत नाही, खोल पाण्याची वाट सोडून वळताही येत नाही. पोहता न येणारी मैत्रीण डोलकाठीला मिठी मारून बसली होती. ती रडली नाही. जहाज बाजूने निघून गेल्यावर, त्याच्या लाटांवर आम्ही हिंदकळत असताना, तिने शांतपणे विचारलं, “काकांना नको का म्हणालीस?”

हा प्रश्न पहिला तिचा. तुम्ही सगळे नंतरचे.

मार्गाच्या बाहेर सरकल्यावर नांगर टाकला. पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा धरला. दोर होता म्हणून धरला, हे मी तुम्हाला दरवेळी ऐकवते. पण दोर टाकू का, असं तोच विचारत होता, म्हणजे दोर त्याचा होता! हे तुमच्यापैकी कुणी अजून पकडलेलं नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

मग काय, बाईच्या हातात सुकाणू आणि प्रश्न पुरुषाला, याचा राग? काही वर्षं मी तेच उत्तर देत होते. ऐकणाऱ्या बायका मान डोलवायच्या. पण मित्र पुढे होता, तांडेलाच्या जवळ होता. जवळच्याला विचारतातच. शिवाय मला विचारलं असतं तर हो म्हणाले असते का? तेव्हाच्या मला विचारून बघते तर ती म्हणते, वारा येणारच होता. आलाही, पावणेचारला. त्याच वाऱ्यावर अंधार पडायच्या आत गेटवेला परतलो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिच्याशी वाद घालणं कठीण आहे.

ती मैत्रीण त्यानंतर बोटीत बसलेली नाही. मी बसते. ओढून घ्यायचा वेगळा दोर आता माझ्या पिशवीत असतो. गेल्या महिन्यात उरणजवळच्या कारंजा बंदराच्या बाजूला एका कोळ्याने हात करून विचारलं, “काय, ठीक ना?” मी म्हणाले, “हो, नको काही.”

वारा होता तेव्हा. विचारायच्या आधीच सांगते.